दूधभात, बिस्किटं आणि कोंबडीचा पेटा

मांजर दूधभातावर मजेत जगतं, हा समज वाड्यांच्या आणि गोठ्यांच्या काळातला आहे. तेव्हाही ते दूधभातावर जगत नव्हतंच. पोषणाची खरी गरज उंदीर, पाली आणि पाखरं भागवत होती. तिसऱ्या मजल्यावर जाळी लावलेल्या घरातल्या मांजराला ही सोय नाही. त्याच्या वाटीत जे पडेल तेवढंच त्याचं अन्न.

अडचण टॉरिनची आहे. हे अमिनो आम्ल मांजराचं शरीर फारच थोडं बनवतं आणि पित्तरसातून ते सतत वापरलं जातं. धान्यात आणि डाळीत ते जवळपास नसतं, गाईम्हशीच्या दुधात अगदी किरकोळ असतं. टॉरिन कमी पडलं की डोळ्याचा पडदा झिजतो, हे १९७५ मध्ये कळलं. हृदयाचे स्नायू पातळ होऊन हृदय फुगतं, हे १९८७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या पशुवैद्यांनी दाखवून दिलं. हृदय टॉरिन दिल्यावर पुष्कळदा सावरतं, पण गेलेली नजर परत येत नाही. हे सगळं महिनोन्‌महिने चालतं आणि बाहेरून मांजर ठणठणीत दिसत राहतं. शिवाय गाजर-भोपळ्यातल्या कॅरोटिनपासून त्याला जीवनसत्त्व अ बनवता येत नाही, ते प्राणिज अन्नातूनच तयार मिळावं लागतं.

म्हणून शाकाहारी घराने मांजर आणण्याआधीच ठरवावं: त्याच्यासाठी मांसाचं अन्न घरात चालेल का? चालणार नसेल तर मांजर न आणणं हाच प्रामाणिक निर्णय. आपल्या व्रताचा उपास त्याला घडवणं ही अहिंसा नव्हे.

कुत्र्याचं तसं नाही. हजारो वर्षं माणसाच्या उष्ट्यावर वाढताना त्याचं पोट बदललं. स्टार्च पचवणाऱ्या अमायलेजच्या जनुकाच्या लांडग्यात दोन प्रती असतात, कुत्र्यात ४ ते ३०. स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ मध्ये हे दाखवलं. भाकरी कुत्र्याला पचते ती यामुळे. नीट आखलेल्या शाकाहारी आहारावर प्रौढ कुत्रा राहू शकतो, पण ‘आखलेल्या’ हा शब्द इथे महत्त्वाचा आहे. नुसती पोळी-दूध म्हणजे आखलेला आहार नव्हे.

आता या वाटीचा जमिनीवर आणि हवेवर पडणारा भार. २०१७ मध्ये संशोधक ग्रेगरी ओकिन यांनी अमेरिकेतल्या १६ कोटी ३० लाख कुत्र्यामांजरांचा हिशेब मांडला. प्राणिज अन्न तयार करताना तिथे जमीन, पाणी, इंधन यांवर जो भार पडतो, त्यातला २५ ते ३० टक्के या प्राण्यांच्या वाट्याचा निघाला. २०२० मध्ये एडिंबरा विद्यापीठातल्या गटाने जगभरातल्या फक्त कोरड्या खाद्याचा अंदाज काढला: शेतीतून होणाऱ्या हरितगृह वायूंच्या उत्सर्जनापैकी १.१ ते २.९ टक्के, आणि ४.१ ते ५.८ कोटी हेक्टर जमीन. महाराष्ट्राचं क्षेत्रफळ सुमारे ३.०८ कोटी हेक्टर आहे, म्हणजे अंदाज येईल.

असे आकडे एवढे पसरट का असतात? कारण कोंबडी कापली जाते ती माणसासाठी. मुंडी, मान, पाय, पेटा मागे उरतात. त्यांच्यावर कोंबडीचा किती भार टाकायचा, यावर उत्तर बदलतं. माणूस जे खात नाही ते कुत्र्याने खाल्लं तर भार थोडाच वाढतो. त्याच्यासाठी खास बोनलेस ब्रेस्ट घेतलं की तो आपल्याच ताटाशी स्पर्धा करू लागतो. खाद्याच्या पिशवीवरचं ‘माणसांच्या दर्जाचं मांस’ हे कौतुक पर्यावरणाच्या दृष्टीने उलटं आहे. चिकनच्या दुकानातला पेटा आणि काळीज (म्हणजे हृदय) स्वस्त असतं, आणि काळजात टॉरिनही भरपूर असतं. कलेजी (यकृत) मात्र एकूण खाण्याच्या विसाव्या भागाहून जास्त नको, जीवनसत्त्व अ साठत जातं. मांस उकडलं तर ते पाणी फेकू नका, टॉरिन त्यात उतरतं. शिजलेलं हाड फुटून टोकदार होतं, ते देऊ नये. फोडणीचं उरलेलंही नको. कांदा-लसूण रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात, आणि मांजराला ते कुत्र्याहून लवकर बाधतात.

नुसत्या मांसातही खोट आहे: त्यात फॉस्फरस भरपूर, कॅल्शियम नगण्य. ती तूट शरीर हाडांतून भरून काढतं. १० किलोच्या प्रौढ कुत्र्याला घरचं जेवण असेल तर रोज अंड्याच्या कवचाची सुमारे दोन ग्रॅम बारीक पूड लागते. जस्त, आयोडीन, जीवनसत्त्व ड आणि ई यांचा हिशेब पशुवैद्याकडूनच करून घ्यावा. पिल्लांसाठी तर नक्कीच.

सगळ्यात दुर्लक्षित भाग म्हणजे प्रमाण. दिवसाच्या कॅलरी काढायला वजनाचा (किलोमध्ये) ०.७५ घात काढून त्याला ७० ने गुणायचं. नसबंदी झालेल्या कुत्र्यासाठी ते उत्तर १.६ ने, मांजरासाठी १.२ ने पुन्हा गुणायचं. कॅल्क्युलेटरवर घाताचं बटण नसेल तर वजनाचा घन करून दोनदा वर्गमूळ घ्यावं. १० किलोच्या कुत्र्याला दिवसाला साधारण ६३० कॅलरी येतात, म्हणजे १०० ग्रॅममध्ये ३५० कॅलरी असलेलं कोरडं खाद्य १८० ग्रॅम. ४ किलोच्या मांजराला २४० कॅलरी. हा आरंभाचा आकडा. दर पंधरा दिवसांनी वजन करून तो हलवायचा. चहाबरोबरचं एक ग्लुकोज बिस्किट २५ कॅलरींच्या आसपास असतं. सहा बिस्किटं म्हणजे त्या कुत्र्याचा जवळपास पाव दिवस, आणि ती वाटीतून कुणी वजा करत नाही.

याची किंमत मोजलेली आहे. अमेरिकेत ४८ लॅब्रॅडॉर कुत्र्यांच्या २४ जोड्या लावून एका गटाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी खाद्य आयुष्यभर दिलं. २००२ मध्ये निष्कर्ष आले: कमी खाणाऱ्यांचं मध्यक आयुष्य १३ वर्षं, दुसऱ्यांचं ११.२. सांधेदुखीचे उपचारही कमी खाणाऱ्यांना उशिरा लागले. बरगड्यांवरून हलका हात फिरवल्यावर त्या दाबल्याशिवाय लागत असतील आणि वरून पाहिल्यावर कंबर दिसत असेल, तर वाटी बरोबर आहे. लागत नसतील तर आधी बिस्किटं थांबवा, मग खाद्य दहा टक्क्यांनी उतरवा. मांजराला मात्र एकाएकी उपाशी ठेवू नका. जाड मांजराने दोन-तीन दिवस खाणं सोडलं की चरबी यकृतात साठून ते दगावू शकतं.