मंगळ चंद्राएवढा? स्टेलॅरियममध्ये तारीख टाकून बघा

‘२७ ऑगस्टच्या रात्री मंगळ पौर्णिमेच्या चंद्राएवढा दिसणार’ हा निरोप वर्षानुवर्षं फिरतोय. त्याचं मूळ २००३ सालचं. त्या दिवशी मंगळ खरोखरच पृथ्वीपासून सुमारे ५.५८ कोटी किलोमीटरवर आला होता, जवळपास ६० हजार वर्षांत सर्वांत जवळ. मूळ मजकुरात ‘७५ पट मोठं दाखवणाऱ्या दुर्बिणीतून’ अशी अट होती. पुढे पाठवता पाठवता ती गळली, वर्षही गळलं.

स्टेलॅरियम हे कुठल्याही तारखेचं आकाश दाखवणारं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. त्यात २७ ऑगस्ट २००३ ही तारीख टाका आणि मंगळावर क्लिक करा: आकाशात दिसणारा व्यास जेमतेम २५ विकला (एक विकला म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग). चंद्राचा १,८०० च्या आसपास भरतो. (चंद्र मोठा करून दाखवण्याचा पर्याय चालू असेल तर आधी बंद करा, नाहीतर पडद्यावरची तुलना फसते.)

आता नुसतं वर्ष बदलून २०१९ करा. मंगळ सूर्याच्या इतका जवळ सरकलेला, की आकाशात सापडणारच नाही. अंतर सुमारे ४० कोटी किलोमीटर! पृथ्वी आणि मंगळ साधारण २६ महिन्यांनी एकमेकांजवळ येतात, मग दरवर्षी तीच तारीख कशी जमेल? २००३ चा विक्रम मोडेल तो २८ ऑगस्ट २२८७ ला, आणि तोही अगदी थोडक्यात.