अमेरिकेतील बंदूक नियंत्रणाचा वाद

सामान्य नागरिकाने कोणती बंदूक बाळगावी, ती घेऊन कुठे फिरावे आणि सरकारने त्यावर किती नजर ठेवावी, यावरून अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत अनेक दशके चाललेला राजकीय आणि न्यायालयीन झगडा. भारतात शस्त्र बाळगायचे तर १९५९च्या शस्त्र कायद्याखाली परवाना काढावा लागतो, आणि तो द्यायचा की नाही हे सरकार ठरवते. अमेरिकेत शस्त्र बाळगणे हा संविधानातला हक्क आहे, त्यामुळे तिथे निर्बंध घालायचा तर त्याचे कारण सरकारने द्यावे लागते. ‘स्मॉल आर्म्स सर्व्हे’ या संस्थेच्या २०१८ मधील अंदाजानुसार अमेरिकी नागरिकांकडे ३९ कोटींहून अधिक बंदुका आहेत. म्हणजे माणसांपेक्षा बंदुका जास्त. मात्र स्वतःची बंदूक असलेले प्रौढ जेमतेम एक तृतीयांश भरतात.

वादाचे मूळ १७९१ साली संमत झालेल्या दुसऱ्या घटनादुरुस्तीत आहे. स्वतंत्र राज्याच्या सुरक्षिततेला सुनियंत्रित नागरी सेना आवश्यक असल्याने शस्त्रे बाळगण्याच्या लोकांच्या हक्काला बाधा येता कामा नये, असा तिचा आशय. हक्क नागरी सेनेपुरता की प्रत्येक माणसाचा? १९३९च्या मिलर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने आखूड नळीच्या शॉटगनचा नागरी सेनेशी संबंध दिसत नाही म्हणून तिला संरक्षण नाकारले आणि पुढची जवळपास सत्तर वर्षे खालची न्यायालये बहुतांशी त्याच वाटेने गेली. २००८ साली हेलर खटल्यात चित्र पालटले. पाच विरुद्ध चार अशा निकालात न्यायमूर्ती अँटोनिन स्कालिया यांनी घरात स्वसंरक्षणासाठी पिस्तूल ठेवणे हा वैयक्तिक हक्क ठरवला. गुन्हेगारांवरची बंदी किंवा शाळेत बंदूक नेण्याची मनाई यांना मात्र धक्का लावला नाही. २०२२च्या ब्रूएन निकालाने हा हक्क घराबाहेर आणला आणि नव्या निर्बंधाला देशाच्या इतिहासात आधार असला पाहिजे अशी कसोटी घातली. परिणामी आजच्या पिस्तुलांबद्दलचे वकील अठराव्या शतकातले नियम धुंडाळत बसले. २०२४ मध्ये रहीमी खटल्यात न्यायालयाने ही कसोटी थोडी सैल केली आणि घरगुती हिंसाचाराबद्दल प्रतिबंधक आदेश असलेल्यांवरची बंदी उचलून धरली.

बंदूकधारकांची बाजू लढवणारी नॅशनल रायफल असोसिएशन १८७१ साली स्थापन झाली ती सैनिकांची नेमबाजी सुधारावी म्हणून. बराच काळ तिचा भर नेमबाजी आणि शिकारीवर होता आणि काही निर्बंध तिने मान्यही केले होते. १९७७च्या सिनसिनाटी येथील वार्षिक सभेत कडव्या गटाने रातोरात सूत्रे हाती घेतली आणि संघटना पूर्णपणे राजकारणात उतरली. त्याआधी पक्षांच्या भूमिका आजच्यासारख्या ठरलेल्या नव्हत्या. १९६७ साली कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या ब्लॅक पँथर पक्षाचे कार्यकर्ते भरलेल्या बंदुका घेऊन कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळात शिरले, तेव्हा भरलेली बंदूक घेऊन उघड फिरण्यावर बंदी घालणाऱ्या कायद्यावर सही केली ती रिपब्लिकन गव्हर्नर रोनाल्ड रेगन यांनी.

केंद्रीय कायदे बहुधा एखाद्या धक्क्यानंतर आले: टोळीयुद्धांनंतर १९३४चा, केनेडी बंधू आणि मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्यांनंतर १९६८चा. राष्ट्राध्यक्ष असताना रेगन यांच्यावर झालेल्या हल्ल्यात जायबंदी झालेले त्यांचे माध्यम सचिव जेम्स ब्रॅडी यांच्या नावाचा कायदा १९९३ साली झाला. त्यातून आलेली पद्धत अशी: गिऱ्हाईक दुकानात ‘४४७३’ क्रमांकाचा फॉर्म भरते, दुकानदार त्याची पार्श्वभूमी तपासण्यासाठी एफबीआयच्या यंत्रणेकडे विचारणा करतो आणि बहुतेकदा काही मिनिटांत होय-नाही कळते. तीन कामकाजी दिवसांत उत्तर आले नाही तर दुकानदार बंदूक विकू शकतो. २०१५ साली चार्ल्सटनच्या चर्चमध्ये नऊ जणांना मारणाऱ्याला बंदूक मिळाली ती याच फटीतून. खासगी विक्रेत्याला तर केंद्रीय कायद्याने अशी विचारणा करण्याचे बंधनच नाही.

या यंत्रणेत मुद्दाम ठेवलेले आंधळेपण पाहायचे तर वेस्ट व्हर्जिनियातल्या मार्टिन्सबर्गला जावे. सरकारने बंदूकमालकांची मध्यवर्ती नोंदवही ठेवू नये, असे १९८६चा कायदा सांगतो. गुन्ह्यात सापडलेल्या बंदुकीचा माग काढायचा तर तिथल्या सरकारी केंद्रातले कर्मचारी आधी उत्पादकाला, मग घाऊक व्यापाऱ्याला, मग दुकानाला विचारत जातात. बंद पडलेल्या दुकानांचे कागद खोक्यांत भरून इथेच येतात. त्यांची छायाचित्रे संगणकात ठेवली जातात, पण मालकाच्या नावाने शोध घेता येत नाही; पाने एकेक करून चाळावी लागतात. नोंदवही ही जप्तीची पहिली पायरी, ही हक्कवाद्यांची भीती इथे कायद्यात उतरली आहे.

चर्चा मात्र सामूहिक गोळीबारांभोवती आणि एआर-१५ सारख्या अर्धस्वयंचलित रायफलींभोवती फिरते. २०२१ साली बंदुकीने ४८ हजारांहून अधिक बळी गेले. त्यांत निम्म्याहून अधिक आत्महत्या होत्या आणि खुनांत प्रामुख्याने पिस्तुले वापरली जातात. रायफलींवरची १९९४ची बंदी संगिनीची खोबण, दुमडता दस्ता अशा बाह्य लक्षणांवर बेतली होती. कंपन्यांनी ती लक्षणे काढून तीच बंदूक विकली, आणि २००४ साली बंदीची मुदत संपली.

२००७ साली व्हर्जिनिया टेक विद्यापीठात ३२ जण मारले गेले. त्यांत एक भारतीय वंशाचे प्राध्यापक आणि मुंबईची एक विद्यार्थिनी होती. मारेकऱ्याच्या मानसिक स्थितीबद्दलचा न्यायालयीन आदेश तपासणी यंत्रणेपर्यंत पोचलाच नव्हता. अशा नोंदी राज्यांनी कळवाव्यात यासाठीच्या कायद्याला रायफल असोसिएशननेही विरोध केला नाही. २०१२ साली सँडी हूक शाळेत वीस मुले आणि सहा प्रौढ मारले गेल्यावर तपासणीची व्याप्ती वाढवणारा प्रस्ताव मात्र सिनेटमध्ये ५४ मते मिळूनही पडला, कारण ६० हवी होती. लहान राज्यालाही मोठ्याइतक्याच दोन जागा देणारे हे सभागृह ग्रामीण, बंदूकप्रेमी भागांच्या पथ्यावर पडते. युवाल्डीच्या शाळेतील हत्याकांडानंतर २०२२ साली दोन्ही पक्षांच्या मतांनी माफक कायदा झाला. २१ वर्षांखालच्या खरेदीदारांची कसून तपासणी हे त्यातले ठळक कलम.

बाकीची लढाई राज्यांत चालते. धोकादायक वाटणाऱ्या माणसाची बंदूक न्यायालयाच्या आदेशाने तात्पुरती काढून घेण्याची सोय कनेक्टिकटने १९९९ सालीच केली. दुसरीकडे निम्म्याहून अधिक राज्यांत लपवलेले पिस्तूल बाळगायला परवाना लागत नाही. २०१७च्या लास व्हेगास गोळीबारात वापरलेल्या ‘बम्प स्टॉक’ या, रायफलीतून झपाट्याने गोळ्या झाडू देणाऱ्या जोडणीवर ट्रम्प सरकारने नियमाद्वारे घातलेली बंदी सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये रद्द केली. मशीनगनच्या कायद्यातील व्याख्येत ती बसत नाही, असे कारण दिले. ती व्याख्या बदलण्याचा अधिकार काँग्रेसकडे, म्हणजे अमेरिकी संसदेकडे आहे.