गुंठाभर खाचरात किती पाणी मावतं?

आषाढात बेळगावातल्या वडगावच्या शिवारात बांधावर उभं राहिलं की लावणी झालेल्या खाचरात घोटाभर पाणी दिसतं. बांध जेमतेम वीतभर उंच. पण हिशेब मांडून बघा. एक गुंठा म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटर. त्यात १० सेंटिमीटर पाणी उभं राहिलं, तर ते १० हजार लिटर होतं, म्हणजे एक मोठा टँकर. एकराला ४ लाख लिटर!

त्याच गुंठ्यात घर झालं, अंगणात पेव्हर बसले, की तेवढा पाऊस काही मिनिटांत गटारात आणि तिथून बळ्ळारी नाल्यात जातो. चिखलणी केलेल्या खाचरात पाणी फारसं मुरत नाही, हे खरं. पण ते अडतं आणि बांधाच्या फटीतून सावकाश पुढं सरकतं. किती पाणी आलं यापेक्षा ते किती वेळात आलं, यावर नाला फुगणं ठरतं. मग खालच्या शिवारातलं बासमतीचं रोप पाण्याखाली कुजतं. नुकसान शेतकऱ्याचं होतं, पाणी मात्र शहरानं सोडलेलं असतं, याचं मला फार वाईट वाटतं.

बेळगावात तांबड्या, जांभ्याच्या जमिनीचं प्रमाणही बरंच. जांभा सच्छिद्र, त्यात पाऊस मुरतो आणि विहिरींना पाझर फुटतो. १९२४ साली गांधीजींच्या अध्यक्षतेखाली इथं काँग्रेसचं अधिवेशन भरलं, तेव्हा पाण्यासाठी टिळकवाडीत खोदलेली विहीर आजही आहे. वर सगळं काँक्रीट झालं तर अशा विहिरींना पाझर कुठून यायचा?

२०११ च्या जनगणनेत देशातले ३१ टक्के लोक शहरांत होते आणि बेळगावची लोकसंख्या ४ लाख ८८ हजार. अशा मध्यम शहरांचा बराच भाग अजून बांधायचा आहे, म्हणून मला आशा वाटते. आराखड्यात आधी नाले, तळी, खाचरं आखावीत, रस्ते आणि प्लॉट त्यानंतर. आज शिवार म्हणजे ‘मोकळी जागा’ असं धरलं जातं, मूळ चूक तिथंच आहे. घरांचंही तसंच. १०० चौरस मीटर छपरावर हजार मिलिमीटर पाऊस पडला तर १ लाख लिटर पाणी होतं, आणि आपल्याकडं पाऊस त्याहून जास्तच पडतो. ते आडात सोडायला एक पाइप आणि गाळणी पुरते.

शिवारातला प्लॉट दाखवायला एजंट उन्हाळ्यात नेतात. तुम्ही आषाढात जा, आणि काठी बुडवून पाणी मोजा.