बटर कुकीला ग्लुटेन लागतच नाही

डिसेंबर लागला की वांद्र्यापासून वसईपर्यंतच्या बेकऱ्यांत नाताळच्या कुकीजची लगबग सुरू होते. हल्ली त्यांच्या शेजारी ‘ग्लुटेन-फ्री’ लिहिलेले महागडे डबेही असतात. घरी करायच्या म्हटल्या तर सल्ले येतात: झँथन गम (पिठाला चिकटपणा आणणारी पूड) आणा, तयार पिठाचं मिश्रण आणा, स्टँड मिक्सर हवाच. पावासाठी यातलं काही पटण्यासारखं आहे, बटर कुकीसाठी अजिबात नाही.

गव्हातली ग्लायडिन आणि ग्लुटेनिन ही प्रथिनं पाण्यात भिजवून मळली की त्यांची लवचीक जाळी तयार होते, तेच ग्लुटेन. पोळी लाटताना फाटत नाही ती या जाळीमुळे. कुकीत मात्र तीच अडचण ठरते, कारण जाळी जितकी घट्ट तितकी कुकी चिवट. मैद्याच्या कुकीत लोणी आणि पीठ आधी एकत्र करतात, ते पिठाच्या कणांवर चरबीचा थर बसून पाणी आत शिरू नये म्हणून. तांदळाच्या पिठीत ही धास्तीच नाही. हवं तेवढं मळा.

मग कुकीचा आकार धरून कोण ठेवतं? तांदळातला स्टार्च, असं वाटेल. उकडीच्या मोदकात तसं होतंही: उकळत्या पाण्यात स्टार्चचे कण फुगतात, चिकट होतात आणि पारी वळता येते. कुकीत मात्र तेवढं पाणीच नसतं. बाजारच्या बटरमध्ये फार तर १६ टक्के पाणी, त्यातलंही बरंच साखर पळवते. स्टार्चचे बहुतेक कण भाजून झाल्यावरही न फुगलेलेच राहतात. सगळी भिस्त लोण्यावर आणि साखरेवर.

लोण्याचा खरा चमत्कार इथेच आहे. त्याची चरबी एका ठरावीक तापमानाला वितळत नाही. तिच्यातल्या प्रत्येक ट्रायग्लिसराइड (म्हणजे चरबीच्या) रेणूवर तीन मेदाम्लं असतात, आणि या तिघांच्या जोड्या असंख्य. सुटं स्टिअरिक मेदाम्ल ६९ अंशांना वितळतं, ओलेइक १३ अंशांच्या आसपासच. त्यामुळे फ्रिजमधल्या लोण्याची साधारण निम्मी चरबी घन असते आणि ३५ अंशांच्या पुढे जवळपास सगळी द्रव. मधल्या पट्ट्यात द्रव चरबीत सूक्ष्म स्फटिक विखुरलेले असतात. लोण्यात ते बहुतेक ‘बीटा-प्राइम’ रचनेचे, बारीक. लोणी साखरेबरोबर फेसलं की हवेचे बुडबुडे आत येतात आणि हेच स्फटिक बुडबुड्यांभोवती गोळा होऊन त्यांना फुटू देत नाहीत. लोणी वितळलं तर स्फटिक गेले, बुडबुडेही गेले. पुन्हा फ्रिजमध्ये ठेवून ते बुडबुडे परत येत नाहीत.

मुंबईत डिसेंबरातही दुपारी पारा ३० च्या पुढे जातो, म्हणजे ओट्यावरचं लोणी जवळजवळ द्रवच. म्हणून हे काम सकाळी लवकर करावं. बोट दाबल्यावर खळगा पडेल इतपतच लोणी मऊ होऊ द्यावं, परातीखाली बर्फाच्या पाण्याचं पातेलं ठेवावं आणि तळहाताऐवजी लाकडी चमच्याने फेसावं, कारण हाताची ऊब लोण्याला पुरे होते. पांढरट, हलकं झालं की पुरे.

१२० ग्रॅम बिनमिठाचं लोणी, ७० ग्रॅम पिठीसाखर, एका अंड्याचा बलक, १५० ग्रॅम तांदळाची पिठी आणि ५० ग्रॅम कॉर्नफ्लोअर. पिठी मोदकाची, धुतलेल्या तांदळाची असावी; ती बारीक असते. फेसलेल्या लोणी-साखरेत बाकीचं मिसळून झालेला गोळा अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवावा. पिठीला थोडं पाणी शोषायला वेळ मिळतो, कचकच कमी होते, आणि थंड कुकी तापल्यावर लगेच पसरत नाही.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. खपली गहू ‘ग्लुटेन-फ्री’ असल्याचे संदेश फिरतात, ते खोटे आहेत. खपली हा गहूच आहे, रवाही गव्हाचाच, आणि बाजारच्या बहुतेक हिंगातही गव्हाचं पीठ असतं. सीलिॲक (ग्लुटेनमुळे लहान आतड्याला इजा होण्याचा आजार) असलेल्या माणसाला ‘थोडंसं चालतं’ म्हणणं घातक आहे. भारतात ग्लुटेन-फ्री म्हणण्याची मर्यादा किलोमागे २० मिलिग्रॅम आहे, आणि गव्हाच्याच जात्यावर गिरणीत दळून आणलेली पिठी ती सहज ओलांडू शकते. अशा माणसासाठी तांदूळ घरच्या स्वच्छ मिक्सरवर दळावेत किंवा लेबल पाहून बंद पाकीट आणावं. ज्यांना हा आजार नाही, त्यांच्यासाठी ग्लुटेन विष नाही, आणि ग्लुटेन काढल्याने कुकीतलं लोणी-साखर कमी होत नाही.

ओव्हन नसेल तर जाड बुडाच्या कढईत मीठ पसरून, वर जाळी ठेवून, झाकण लावून दहा मिनिटं तापवावी. ताटलीत कुकीज एकमेकींपासून दूर मांडून मंद आचेवर वीसेक मिनिटं भाजाव्यात. खालून आच लागते, म्हणून तळ आधी तांबूस होतो. वरचा रंग फिकट राहिला तरी चालेल. बाहेर काढताना त्या मऊच लागतील, पण हात लावू नये. थंड होताना चरबी पुन्हा गोठते, साखर काचेसारखी घट्ट होते आणि मगच कुकी उचलण्याजोगी होते. पूर्ण गार झाल्या की लगेच घट्ट झाकणाच्या डब्यात भराव्यात, नाहीतर साखर मुंबईच्या हवेतला ओलावा ओढून घेते.