घरासाठी वेगळा फायरवॉल घेताय? स्पीडचा आकडा सगळ्यात शेवटी बघा

घरी वेगळा फायरवॉल, म्हणजे इंटरनेट आणि घर यांच्या मध्ये बसून येणारं-जाणारं तपासणारा डबा, लावला त्या रात्री मी पहिल्यांदा त्याचा लॉग, म्हणजे नोंदवही, उघडून बसलो, आणि खरं सांगतो, झोप उडाली. बाहेरून येणारे धक्के अपेक्षितच होते, कुठून कुठून कोण २३ नंबरच्या पोर्टवर (पोर्ट म्हणजे नेटवर्कचं नंबर घातलेलं दार) टकटक करतंय, कोण २२ वर, मिनिटाला कितीतरी वेळा, आणि ते सगळे दारातच अडत होते. मला धक्का बसला तो दुसऱ्याच ओळींचा. घरातला एक कॅमेरा, जो मी फक्त घरातल्या घरात बघायला लावला होता, तो दर काही मिनिटांनी बाहेरच्या एका अनोळखी पत्त्याशी बोलायला जात होता. रात्री दोनला, तीनला, चारला. आधीच्या राउटरने हे मला कधीच सांगितलं नव्हतं, कारण आतून बाहेर जाणारं सगळं चांगलंच असं तो धरून चालायचा.

वेगळा फायरवॉल कशाला घ्यायचा याचं माझं उत्तर तेव्हापासून बदललंय. बाहेरच्याला अडवायचं काम तुमचा साधा राउटरही बऱ्यापैकी करतो. वेगळा डबा घ्यायचा तो घराच्या आतली वाहतूक दिसावी, तिचे कप्पे करता यावेत आणि पुढची बरीच वर्षं सिक्युरिटी अपडेट मिळत राहावेत म्हणून.

साधा राउटर काय करतो ते आधी बघू. तुम्ही एखादी साइट उघडता तेव्हा राउटर एका तक्त्यात नोंद करतो की आतल्या अमुक मशीनने बाहेरच्या तमुक पत्त्याच्या तमुक पोर्टशी बोलणं सुरू केलंय, आणि मग बाहेरून पॅकेट, म्हणजे माहितीचा छोटा तुकडा, आलं की ते या नोंदीशी जुळतंय का बघतो, जुळलं तर आत, नाही जुळलं तर टाकून दिलं. याला स्टेटफुल फायरवॉल म्हणतात. यात भर पडते नॅटची. आयपीव्ही४ या इंटरनेटच्या जुन्या पत्तापद्धतीतले पत्ते ३२ बिटांचे, म्हणजे सगळे मिळून साधारण ४३० कोटी, ते पुरणार नाहीत हे दिसायला लागल्यावर १९९४ मध्ये नॅटची कल्पना कागदावर आली, एकाच बाहेरच्या पत्त्यामागे अख्खं घर. नॅट आलं पत्ते वाचवायला, पण त्यामुळे बाहेरच्याला आतलं मशीन थेट गाठता येईनासं झालं आणि लोक त्यालाच सुरक्षा समजायला लागले. आता आयपीव्ही६ या नव्या पद्धतीत पत्ते १२८ बिटांचे, टंचाईच नाही, त्यामुळे घरातल्या प्रत्येक फोनला, टीव्हीला, बल्बला स्वतःचा जागतिक पत्ता मिळतो आणि नॅटचा तो आडोसा उरत नाही. तिथे फक्त फायरवॉलचा नियम उभा असतो. म्हणून कुठलाही डबा घेताना पहिली चौकशी ही करा की आयपीव्ही६ साठीही बाहेरून येणारं सगळं मुळातच बंद असतं का, आणि आयपीव्ही६ चे नियम स्वतंत्रपणे लिहिता येतात का.

आता आतल्या मशीनबद्दल. २०१६ मध्ये मिराई नावाच्या मालवेअरने काय केलं होतं ते आठवून बघा. त्याच्याकडे फक्त साठ-बासष्ट युजरनेम-पासवर्डच्या जोड्या होत्या, त्या कंपनीतून येतानाच ठेवलेल्या, कोणी न बदललेल्या, आणि तेवढ्यावर त्याने लाखो कॅमेरे, रेकॉर्डर आणि राउटर ताब्यात घेतले. २१ ऑक्टोबर २०१६ ला अशाच यंत्रांच्या फौजेने डाइन या डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणारी सेवा) पुरवणाऱ्या कंपनीवर मारा केला आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या साइट कित्येक तास नीट उघडत नव्हत्या. ती यंत्रं ज्यांच्या घरात होती त्यांना बहुधा कळलंही नसेल, कॅमेरा चालूच होता ना. आणि २०१८ मध्ये व्हीपीएनफिल्टर नावाचा मालवेअर सापडला तेव्हा तर निदान ५ लाख राउटर आणि स्टोरेजचे डबेच बाधित होते, म्हणजे ज्याला राखणीला बसवलं तोच फितूर.

म्हणून माझ्या मते व्हीलॅन ही सगळ्यात महत्त्वाची सोय. एकाच वायरवरून, एकाच स्विचमधून वेगवेगळी नेटवर्क चालवायची ही पद्धत, प्रत्येक पॅकेटवर १२ बिटांचा एक नंबर चिकटवतात, त्यातून ४०९४ कप्पे करता येतात, आपल्याला तीन पुरतात. एकात कॉम्प्युटर आणि फोन, एकात कॅमेरे-टीव्ही-बल्ब, एकात पाहुणे. फोनवरून टीव्हीला हुकूम जाऊ दे, पण टीव्हीने उठून लॅपटॉपच्या फाइलींत डोकावायचं नाही, एवढा एक नियम लिहिता आला तरी अर्धं काम झालं. फक्त लक्षात घ्या, तुमचा स्विच आणि वायफायचा अ‍ॅक्सेस पॉइंट हे दोघंही व्हीलॅन समजणारे लागतात, नाहीतर महागडा फायरवॉल आणूनही सगळं एकाच खोलीत राहतं, ही चूक मी स्वतः केलीय.

आता स्पीड. डब्यावर एक गिगाबिट लिहिलेलं असतं आणि आपण खूश होतो, पण फायरवॉलला बिट मोजायचे नसतात, त्याला पॅकेटं तपासायची असतात. एक गिगाबिटच्या लाइनवर मोठी, १५०० बाइटची पॅकेटं धावत असतील तर सेकंदाला साधारण ८१ हजार येतात, म्हणजे एकेका पॅकेटसाठी १२ मायक्रोसेकंद मिळतात. तीच लाइन सगळ्यात लहान, ६४ बाइटच्या फ्रेमनी (वायरवरून जाणारं पॅकेट) भरली तर सेकंदाला जवळपास १४ लाख ८८ हजार येतात आणि प्रत्येकासाठी उरतो पाऊण मायक्रोसेकंदही नाही. २ गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरच्या एका कोअरला तेवढ्यात साधारण १३०० ठोके (क्लॉक सायकल) मिळतात, आणि एकदा मुख्य मेमरीत जाऊन यायलाच शे-दोनशे ठोके जातात, म्हणजे सहा ते तेरा फेऱ्या मारल्या की वेळ संपला. माहितीपत्रकातला मोठा आकडा बहुतेक वेळा मोठ्या पॅकेटांवर आणि जेमतेम नियमांवर मोजलेला असतो. प्रत्यक्षातली लाइन या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी असते, व्हिडिओ उतरवताना पॅकेटं मोठी, गेम आणि कॉलवर लहान. त्यामुळे त्याच पत्रकात खाली बारीक अक्षरात घुसखोरी तपासणी (पॅकेटच्या आत हल्ल्याच्या खुणा शोधणं) चालू असतानाचा जो आकडा असतो ना, तो तुमच्या लाइनच्या स्पीडशी ताडून बघा, कित्येकदा तो वरच्या आकड्याच्या पाव भागही नसतो.

आणि ती तपासणी तुम्हाला लागतेच का हेही विचारा. ती करणारी दोन सॉफ्टवेअर प्रसिद्ध आहेत, स्नॉर्ट १९९८ पासून आहे, सुरिकाटा त्यानंतरचा आणि अनेक कोअर वापरणारा, दोघंही पॅकेटच्या पोटात शिरून हजारो खुणा शोधतात. पण आज वेबवरची बहुतेक वाहतूक एन्क्रिप्टेड, म्हणजे कुलूपबंद, असते, पोटात बघायला गेलं तर हाती काही लागत नाही, कोणाशी बोलणं चाललंय एवढंच बाहेरून कळतं. घरासाठी तर मला डीएनएसवर नजर ठेवणं आणि चांगले नियम लिहिणं जास्त फळतं असं दिसलंय. म्हणून दरवर्षी पैसे भरून खुणांची यादी घ्यायला लावणारा डबा घेताना दोनदा विचार करा, आणि सदस्यत्व संपल्यावर त्यातलं काय काय बंद पडतं ते आधी वाचून घ्या.

तुमची लाइन पीपीपीओई वापरत असेल, म्हणजे राउटरमध्ये युजरनेम-पासवर्ड टाकून कनेक्शन लागत असेल, तर आणखी एक गोष्ट. ही पॅकेटं बऱ्याच नेटवर्क कार्डांना वेगवेगळ्या कोअरवर वाटता येत नाहीत, सगळा भार एकाच कोअरवर पडतो, चार मंद कोअरपेक्षा दोन चपळ कोअर तिथे कामाला येतात. प्रत्येक पॅकेटमागे ८ बाइटही जातात, म्हणून पॅकेटचा कमाल आकार १५०० च्या जागी १४९२ ठेवावा लागतो.

रॅमची फार काळजी करू नका. पीएफसेन्स या फायरवॉलच्या सॉफ्टवेअरमध्ये एका कनेक्शनच्या नोंदीला साधारण १ किलोबाइट लागतो, म्हणजे १ गिगाबाइटमध्ये दहा लाख नोंदी, घरात इतकी कनेक्शन होतच नाहीत.

तयार डबा घ्यावा की छोटा पंख्याविना कॉम्प्युटर घेऊन त्यावर स्वतः सॉफ्टवेअर टाकावं? मी दुसऱ्या बाजूचा आहे, पण ज्यांना हात काळे करायची हौस नाही त्यांनी तयार घ्यावा, त्यात काही कमीपणा नाही. पीएफसेन्स २००४ मध्ये मोनोवॉल (m0n0wall) या आधीच्या फायरवॉल सॉफ्टवेअरमधून फुटून सुरू झाला, त्यातून २०१५ मध्ये ओपीएनसेन्स फुटला, दोन्ही फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालतात. ओपनडब्ल्यूआरटी हा तिसरा पर्याय लिनक्सवर चालतो आणि छोट्या, कमी ताकदीच्या डब्यांवरही बसतो. यांचा मोठा फायदा हा की हार्डवेअर बनवणाऱ्याने पाठ फिरवली तरी अपडेट येत राहतात. तयार डबा घेताना हाच प्रश्न विकणाऱ्याला विचारा, सिक्युरिटी अपडेट कुठल्या वर्षापर्यंत देणार, आणि उत्तर लेखी नसेल तर तो डबा तिथेच ठेवा. कारण फायरवॉलमध्येही भोकं सापडतात, विशेषतः त्याचं सेटिंगचं पान किंवा व्हीपीएनचं (बाहेरून घरच्या नेटवर्कमध्ये शिरायचा सुरक्षित बोगदा) लॉगिन पान बाहेरून उघडं असेल तर, आणि अपडेट बंद झालेला फायरवॉल म्हणजे किल्ली दारातच लटकवलेली.

लावताना जुना राउटर ब्रिज मोडमध्ये टाका, म्हणजे तो फक्त लाइन पुढे देतो, नाहीतर दोनदा नॅट होतं आणि मग काय कुठे अडकलं ते शोधण्यात रविवार जातो. यूपीएनपी बंद ठेवा, तो चालू असला की आतलं कुठलंही यंत्र तुम्हाला न विचारता बाहेरचं दार उघडून घेतं.

एक फायदा सुरक्षेशी संबंध नसलेला, पण घरच्यांना तोच सगळ्यात आधी जाणवतो. कोणी मोठी फाइल चढवायला लागलं की बाकीच्यांचे कॉल अडखळतात, कारण मोडेमच्या बफरमध्ये पॅकेटांची लांब रांग लागते, याला बफरब्लोट म्हणतात. एफक्यू-कोडेल नावाची रांग लावायची पद्धत, जी २०१८ मध्ये आरएफसी ८२९० म्हणून छापली गेली, ती चालू करून लाइनच्या खऱ्या स्पीडपेक्षा थोडं कमी, समजा ९० टक्के, असं बंधन घातलं की रांग मोडेमऐवजी तुमच्या डब्यात लागते आणि लहान पॅकेटांना वाट मिळते. याला मात्र प्रोसेसर लागतो, तोही हिशोबात धरा. आणि वीजही, वर्षभर चालणारा १० वॉटचा डबा साधारण ८८ युनिट खातो, जुना टाकून दिलेला डेस्कटॉप वापरला तर ते सहज पाच-सहापट.

त्या कॅमेऱ्याला मी वेगळ्या कप्प्यात टाकला आणि त्याचं बाहेर जाणं बंद केलं. बाहेरगावी असताना मी फोनवरून वायरगार्ड या व्हीपीएनने घरात शिरतो आणि चित्र बघतो. त्यासाठी लाइनला स्वतःचा पब्लिक पत्ता लागतो, तो आयपीव्ही६ चा असला तरी चालतो. कॅमेरा अजूनही दर काही मिनिटांनी प्रयत्न करतो, लॉगमध्ये लाल ओळ दिसते. फर्मवेअर अपडेट द्यायचं असलं की तो नियम दहा मिनिटं काढतो, अपडेट झालं की परत लावतो, आणि ओळी पुन्हा लाल व्हायला लागल्या की मगच स्क्रीन बंद करतो.