कीपिंग अप अपिअरन्सेस
प्रतिष्ठेचा आव आणण्यात आयुष्य वेचणाऱ्या एका ब्रिटिश गृहिणीवरील दूरचित्रवाणी विनोदी मालिका. लेखक रॉय क्लार्क. निर्माता व दिग्दर्शक हॅरल्ड स्नोड. बीबीसी वनवर २९ ऑक्टोबर १९९० ते २५ डिसेंबर १९९५ या काळात प्रथम प्रसारण. एकूण भाग ४४. त्यांपैकी ४० भाग पाच पर्वांत आले (अनुक्रमे ६, १०, ७, ७ व १०) आणि उरलेले चार नाताळ-विशेष भाग १९९१, १९९३, १९९४ व १९९५ या वर्षांचे आहेत. काही याद्यांत भागसंख्या ४५ दिसते. अमेरिकेतील सार्वजनिक वाहिन्यांसाठी १९९७ मध्ये जुन्या प्रसंगांची जुळणी करून तयार केलेला आठवणींचा कार्यक्रम त्यांत धरलेला असतो. तो स्वतंत्र भाग नसल्याने ४४ हाच आकडा ग्राह्य धरणे बरे.

मालिकेचा सारा डोलारा एका आडनावावर उभा आहे. नायिका हायसिंथ हिच्या नवऱ्याचे आडनाव ‘बकेट’, म्हणजे सरळसरळ बादली. ते ‘बुके’ असे उच्चारावे असा तिचा हट्ट. फोन उचलताच ‘बुके निवासस्थान, घराची मालकीण बोलतेय’ हे तिचे ठरलेले वाक्य. पोस्टमन, दूधवाला, पाद्री, नवे शेजारी यांपैकी कोणी ‘मिसेस बकेट’ म्हटले की दुरुस्ती तत्काळ होते. लग्नाआधी तो उच्चार बकेटच होता, हे नवरा रिचर्ड अधूनमधून हळूच बोलून जातो.

हायसिंथचे माहेर (वॉल्टन घराणे) कामगारवर्गातले. चार बहिणींची नावे फुलांवरून ठेवलेली : हायसिंथ, डेझी, रोझ व व्हायोलेट. डेझी आपला आळशी नवरा ऑन्स्लो, पुरुषांच्या मागे लागणारी रोझ आणि भ्रमिष्ट वृद्ध वडील यांच्यासह नगरपालिकेने बांधलेल्या भाड्याच्या घरांच्या वसाहतीत राहते. व्हायोलेटने पैसेवाला नवरा केला; म्हणून ‘माझी बहीण व्हायोलेट, मर्सिडीझ, सॉना आणि तट्टू ठेवण्याएवढी जागा असलेली’ असा तिचा उल्लेख हायसिंथ चारचौघांत मुद्दाम मोठ्याने करते. मात्र व्हायोलेटचा नवरा ब्रूस याला बायकांचे कपडे घालण्याची आवड असल्याने तिचा फोन आला की हायसिंथचा आवाज खाली येतो. मुलगा शेरिडन कधीच पडद्यावर दिसत नाही. तो पॉलिटेक्निकमध्ये शिकतो आणि फोन करतो तो बहुधा पैशासाठी. आई मात्र त्याच्या बुद्धीचे व संवेदनशीलतेचे गोडवे गाते. (१९९२ च्या कायद्याने ब्रिटनमधील पॉलिटेक्निकना विद्यापीठाचा दर्जा मिळाला, मुलाचे पॉलिटेक्निक विद्यापीठाच्याच तोडीचे ही हायसिंथची बढाई अशी कायद्यानेच खरी करून दिली.)

‘घरात नाही दाणा आणि मला बाजीराव म्हणा’ ही म्हण येथे अर्धीच लागू पडते. रिचर्डची स्थानिक परिषदेच्या कार्यालयातील नोकरी तिसऱ्या पर्वातील मुदतपूर्व निवृत्तीपर्यंत स्थिर आहे, घर स्वतंत्र आहे, दारात फिकट निळी रोव्हर उभी आहे. दाणा पुरेसा आहे; उणीव आहे ती बाजीरावकीची.

भूमिका : हायसिंथ – पट्रिशिया रूटलेज; रिचर्ड – क्लाइव्ह स्विफ्ट; ऑन्स्लो – जेफ्री ह्यूज; डेझी – जूडी कॉर्नवेल; शेजारीण एलिझाबेथ – जोसेफिन ट्यूसन; तिचा भाऊ एमेट – डेव्हिड ग्रिफिन (दुसऱ्या पर्वापासून); पाद्री – जेरेमी गिटिन्स; वडील – जॉर्ज वेब; व्हायोलेट – अ‍ॅना डॉसन. रोझची भूमिका पहिल्या पर्वात शर्ली स्टेलफॉक्स हिने व पुढे अखेरपर्यंत मेरी मिलर हिने केली. मिलर संगीत रंगभूमीवरील गायिका होती. रूटलेजही तशीच : १९६८ चा टोनी पुरस्कार तिला संगीतिकेतील भूमिकेसाठी मिळाला होता. हायसिंथ एमेटसमोर जे बेसूर गाते, ते सुराची जाण असलेल्या गळ्याने मोजूनमापून चुकवलेले गाणे आहे. सूर किंचित चढा लागतो, शेवटची तान लांबते आणि स्वर नको तिथे थरथरतो. गाता न येणाऱ्या नटीला ते तसे जमले नसते.

स्थळाचा प्रश्न : कथा कोणत्या गावात घडते हे मालिकेत सांगितलेले नाही. हायसिंथचा रस्ता ब्लॉसम अ‍ॅव्हेन्यू, पण गावाला नाव नाही. चित्रीकरणावरून पाहता उत्तर सोपे वाटते. तिच्या घराचा दर्शनी भाग वॉरिकशरमधील बिन्ली वुड्स या कॉव्हेंट्रीच्या पूर्वेकडील गावात चित्रित झाला आणि ऑन्स्लोचे घर कॉव्हेंट्रीच्याच स्टोक आल्डरमूर वसाहतीत. दोन्ही ठिकाणे मोटारीने थोड्याच अंतरावर आहेत, त्यामुळे एका दिवसात दोन्हीकडची दृश्ये उरकणे शक्य होते. यावरून कथा मिडलंड्समधील (मध्य इंग्लंडमधील) मानण्याकडे बहुतेकांचा कल आहे. दुसरे मत उच्चारांवर उभे आहे. ऑन्स्लो झालेला ह्यूज वायव्य इंग्लंडमधला आणि त्याच्या बोलण्यात तो भाग स्पष्ट ऐकू येतो. रूटलेजचा जन्म बर्कनहेडचा. लेखक क्लार्क यॉर्कशरच्या सीमेवरील ऑस्टरफील्डचा. म्हणून काहींना वॉल्टन कुटुंब उत्तरेकडचे वाटते. मात्र नटाच्या गावावरून पात्राचे गाव ठरवणे धोक्याचे. शिवाय बाजारपेठा, चर्च, जलमार्ग यांची दृश्ये लेमिंग्टन स्पा, नॉरदॅम्प्टन, ऑक्सफर्ड अशा विखुरलेल्या ठिकाणी घेतलेली आहेत. मिडलंड्समधील एक काल्पनिक गाव एवढेच म्हणणे पुराव्याला धरून आहे. गाव अनामिक ठेवल्याचा फायदाही झाला : इंग्लंडमधल्या कुठल्याही मध्यम गावच्या प्रेक्षकाला ब्लॉसम अ‍ॅव्हेन्यू आपल्याच मागच्या गल्लीत सापडला.

निर्मितीची रीत : बीबीसीच्या त्या काळातील स्टुडिओ-विनोदिकांची सर्वसाधारण पद्धत येथेही होती. पर्वातील बाहेरची दृश्ये आधी एकत्रितपणे घ्यायची. मग प्रत्येक भागाच्या तालमी करून घरातील दृश्ये लंडनच्या टेलिव्हिजन सेंटरमध्ये अनेक कॅमेऱ्यांवर, प्रेक्षकांसमोर मुद्रित करायची. बाहेरचे तुकडे त्याच वेळी प्रेक्षकांना पडद्यांवर दाखवून त्यांवरचे हसू ध्वनिमुद्रित केले जाई. यातून दोन अडचणी उभ्या राहतात. पहिली सातत्याची. हायसिंथ बिन्ली वुड्समध्ये दार उघडते आणि आतले पाऊल लंडनमध्ये पडते. मधे काही आठवडे गेलेले असतात. टोपी, पर्स, ब्लाऊझवरचे फूल, हातमोजा कोणत्या हातात हे सारे तंतोतंत जुळावे लागते, आणि या बाईच्या अंगावर जुळवायच्या वस्तू इतर पात्रांपेक्षा दुप्पट. दुसरी अडचण विरामाची. रस्त्यावर चित्रीकरण चालू असताना हसणारे कोणी नसते, तरी नटाने पुढे येणाऱ्या हशासाठी जागा सोडायची असते. ती कमी पडली तर पुढचे वाक्य हशात बुडते. जास्त झाली तर दृश्य मेल्यासारखे दिसते. मोटारीतील संवादांत ही जोखीम टाळलेली आढळते. ‘रिचर्ड, पादचाऱ्याकडे लक्ष दे’, ‘लक्ष आहे माझं, हायसिंथ’ ही देवाणघेवाण हशासाठी थांबत नाही. पादचारी दूर फुटपाथवर शांतपणे चाललेला दिसतो आणि विनोद चित्रातून पोचतो.

विनोदाची यंत्रणा : बहुतेक भागांचा सांगाडा एकच. आधी एखादे प्रतिष्ठेचे निमित्त येते : मेणबत्तीच्या उजेडातील रात्रीचे जेवण, धर्मादाय विक्री, बड्या घरातले आमंत्रण. मग निमंत्रितांची पळापळ. हायसिंथचे जेवण टाळण्यासाठी माणसे झुडपामागे लपतात. नेमक्या त्या वेळी माहेरचे संकट कोसळते, बहुधा वडील कुठेतरी नको त्या अवस्थेत सापडतात. धूर सोडत, फटफटत ऑन्स्लोची गंजकी फोर्ड कॉर्टिना अशा जागी येऊन उभी राहते जिथे हायसिंथला बड्या मंडळींनी पाहिलेले असते. ती नाते नाकारण्यासाठी जी धडपड करते, तिच्यामुळेच ते उघड होते. येथे महत्त्वाची गोष्ट अशी, की वडिलांची हाक आली की ती जातेच. लाज वाटते, पण संबंध तोडत नाही. हा दुवा काढला तर मालिका क्रूर झाली असती आणि बहुधा पहिल्या पर्वातच आटोपली असती.

आवर्ती गमतींत चहाच्या कपाची गंमत सर्वांत नेमकी बांधलेली आहे. एलिझाबेथ घरी स्वस्थ असते. हायसिंथकडे येताना दारात पाय पुसते, भिंतीला अंग घासणार नाही याची काळजी घेते, खुर्चीवर बसते. कप हाती येतो तोवर हात स्थिर असतो. मग यजमानीण सांगते, की हे रॉयल डोल्टन या नामांकित कारखान्याचे आहे, हाताने रंगवलेल्या पेरिविंकल फुलांचे. हात कापू लागतो, बशी खडखडते, कॉफी सांडते. पुढच्या वेळी तिला न फुटणारा मग मिळतो आणि हा अपमान तिला कपापेक्षा सोसवेनासा होतो. घटनेला कारण अपघात नसून सूचना आहे. म्हणून ती कितीदाही चालते. पुढे एमेटच्या हातालाही तोच कंप लागतो. पडद्यावर दिसणारी भांडी मात्र रॉयल डोल्टनच्या नावाची नसून कोलक्लो या कारखान्याच्या ‘ब्रगँझा’ नक्षीची असल्याचे संग्राहक सांगतात. कोलक्लो हे नाव पुढे डोल्टन समूहातच सामावले गेल्याने हायसिंथचे म्हणणे अगदीच खोटे ठरत नाही.

ऑन्स्लोच्या अंगणातील कुत्र्याचीही अशीच योजना. फाटकाजवळ मोडकी हिलमन अ‍ॅव्हेंजर पडलेली; तिच्यात कुत्रा. हायसिंथ पर्स छातीशी धरून, नजर समोर ठेवून जाते. भुंकणे ऐकताच कुंपणाच्या झुडपात कोसळते. रिचर्डच्या हातून फाटक निखळणे ही त्याची जोडगंमत.

वर्गभेदाचे स्वरूप : मालिकेच्या मागे ब्रिटनमधील एक जुना वाद आहे. भाषाशास्त्रज्ञ अ‍ॅलन रॉस याने १९५४ मध्ये हेलसिंकीच्या एका नियतकालिकात उच्चवर्गीय व इतर इंग्रजीतील फरक मांडला आणि पुढल्या वर्षी लेखिका नॅन्सी मिटफर्ड हिने तो विषय लोकप्रिय केला. रॉसचा गाभ्याचा मुद्दा असा, की संपत्ती व शिक्षण सारखे झाल्यावरही उच्चवर्ग ओळखू येतो तो मुख्यतः भाषेवरून. फ्रेंच वळणाचे, नाजूक, सभ्य वाटणारे शब्द वापरणारा माणूस स्वतःला वरचा समजतो. पण तेच शब्द त्याची मधली पायरी उघडी पाडतात. ‘बुके’ हा उच्चार नेमका त्या जातीचा. खरा उमराव बादलीला बादलीच म्हणतो.

मालिकेकडे पाहण्याच्या दोन दृष्टी आहेत. एकीनुसार ती वर्गव्यवस्थेवरचा उपरोध आहे. दुसरीनुसार ती एका वेडाने झपाटलेल्या स्वभावाची विनोदिका, फ्रेंच नाटककार मोल्येर याच्या नाटकातील, खोट्या प्रतिष्ठेमागे धावणाऱ्या बूर्झ्वाच्या (पैसेवाल्या मध्यमवर्गीयाच्या) कुळातली. दुसरे मत अधिक पटण्याजोगे आहे. मालिकेतील खरी बडी माणसेही काही मोठी दाखवलेली नाहीत. मेजर तर संधी मिळताच हायसिंथच्या मागे लागतो. उलट बनियन घालून बिअर पिणारा ऑन्स्लो पलंगावर गंभीर विज्ञानविषयक पुस्तके वाचताना दिसतो. वर्गव्यवस्था बदलावी असे येथे कोणालाच वाटत नाही. हायसिंथला तर ती जशीच्या तशी हवी आहे, फक्त स्वतःची पायरी बदलून.

प्रसार : १९९३ च्या नाताळ-विशेष भागात बकेट दांपत्य क्यूई२ या आलिशान जहाजाच्या सफरीवर जाते आणि स्पर्धेत बक्षीस मिळवून ऑन्स्लो व डेझीही तेथे पोचलेली असतात, चित्रीकरणाचा काही भाग कोपनहेगनचा. रूटलेज हिला १९९१ मध्ये ब्रिटिश कॉमेडी अवॉर्ड मिळाला. २००४ मध्ये बीबीसीने घेतलेल्या सर्वोत्तम विनोदी मालिकांच्या मतदानात या मालिकेला बारावे स्थान होते. परदेशी मात्र तिने घरच्या क्रमवारीतील वरच्या मालिकांना मागे टाकले : २०१६ मध्ये बीबीसी वर्ल्डवाइड या बीबीसीच्या व्यापारी शाखेच्या सर्वाधिक निर्यात झालेल्या कार्यक्रमांत ती अग्रस्थानी होती आणि परदेशी प्रक्षेपकांना तिची विक्री जवळजवळ १,००० वेळा झालेली होती. अमेरिकेत ती पीबीएस या सार्वजनिक वाहिन्यांवर वारंवार लागते. मालिका थांबली ती रूटलेजच्या निर्णयाने. १९९६ मध्ये ती हेटी वेनथ्रॉप या हौशी गुप्तहेर बाईच्या भूमिकेकडे वळली. तिचा मृत्यू ३ ऑक्टोबर २०२५ रोजी झाला.

२०१० मध्ये क्लार्कने लिहिलेले नाट्यरूप ब्रिटनभर फिरले. त्यात हायसिंथ रेचल बेल हिने केली. मोटार, झुडूप व फाटक रंगमंचावर आणणे अवघड असल्याने कथानक गावच्या सभागृहातील एका हौशी नाटकाभोवती रचले आहे. २ सप्टेंबर २०१६ रोजी ‘यंग हायसिंथ’ हा पूर्वकथेचा एकच भाग प्रसारित झाला (प्रमुख भूमिका केरी हॉवर्ड). त्याने नायिकेच्या वयाचा प्रश्न नव्याने उभा केला. त्यातील हायसिंथ १९ वर्षांची, मोलकरणीचे काम करणारी. काळ १९५० च्या दशकातला. म्हणजे तिचा जन्म साधारण १९३१ ते १९४० दरम्यान धरावा लागतो आणि मूळ मालिका सुरू होताना ती पन्नाशीत असते. रूटलेज त्या वेळी ६१ वर्षांची होती. शेरिडनचे वय लक्षात घेता पन्नाशीचा हिशेब अधिक जुळतो. या भागाची पुढे मालिका झाली नाही.