सेव्हन्थ हेवन (कालाफिना)

'सेव्हन्थ हेवन' हा कालाफिना या जपानी गायिकावृंदाचा पहिला अल्बम. तो ४ मार्च २००९ रोजी जपानमध्ये प्रसिद्ध झाला. त्यात १४ मुद्रणे आहेत. सर्व रचनांमागे युकी काजिउरा या संगीतकाराचा हात आहे आणि गाण्यांचे शब्दही त्यांचेच आहेत. पॉप आणि रॉक यांच्या चौकटीत चर्चमधल्या समूहगानाची, काळोख्या लोककथांची आणि तंतुवाद्यांची छाया मिसळल्यामुळे या अल्बमला 'गॉथिक' म्हटले जाते. हे गॉथिकपण गिटारच्या गडगडाटात फार कमी आणि गायिकांच्या आवाजांच्या रचनेत फार जास्त आहे. अल्बम ऐकताना लक्ष ठेवायचे ते याच गोष्टीवर.

अल्बमची मुळे एका चित्रपटमालिकेत आहेत. किनोको नासु यांच्या 'कारा नो क्योकाइ' (रिक्ततेची सीमा) या कादंबरीवरून युफोटेबल या स्टुडिओने सात अ‍ॅनिमेशनपट बनवले. वस्तूंचे आणि माणसांचे 'मरण' रेषांसारखे दिसणारी, किमोनोवर लाल चामडी जाकीट घालणारी र्योगी शिकि ही तरुणी त्यांची नायिका आहे. संगीत काजिउरा यांचे होते आणि प्रत्येक चित्रपटाच्या शेवटी एक स्वतंत्र गाणे हवे होते. ती गाण्यासाठी कालाफिना स्थापन झाला. आधी वृंद आणि मग त्याला मिळालेली चित्रपटगीते, असा नेहमीचा क्रम येथे नव्हता.

पहिला चित्रपट १ डिसेंबर २००७ रोजी प्रदर्शित झाला. त्याचे गाणे 'ऑब्लिव्हियस'. ओसाड इमारतीवरून एकामागून एक मुली खाली पडतात अशी त्या चित्रपटाची कथा आहे, आणि गाण्याचा आरंभही उडता येणे ठाऊक असूनही पंख पसरायला घाबरलेल्या मनापासून होतो. दुसऱ्या चित्रपटाचे (२९ डिसेंबर २००७) गाणे 'किमि गा हिकारि नि काएते युकु', तर तिसऱ्याचे (२६ जानेवारी २००८) 'किझुआतो' म्हणजे व्रण. ज्या चित्रपटातल्या मुलीला वेदनाच जाणवत नाही, त्याच्या गाण्याला हे नाव देण्यात काजिउरा यांची नजर दिसते. ही तिन्ही गाणी २३ जानेवारी २००८ च्या पहिल्या सिंगलमध्ये, म्हणजे मोजक्या गाण्यांच्या छोट्या सीडीत, एकत्र आली. चौथ्या चित्रपटाचे (२४ मे २००८) 'आरिया' आणि पाचव्याचे (१६ ऑगस्ट २००८) 'स्प्रिंटर' ही दोन्ही ३० जुलै २००८ च्या सिंगलवर होती. सहाव्या चित्रपटात मुलींच्या शाळेत पऱ्या आठवणी चोरतात. तो २० डिसेंबर २००८ ला आला आणि त्याचे 'फेअरीटेल' चार दिवसांनी विक्रीला आले.

सातव्या चित्रपटाचे गाणे म्हणजेच 'सेव्हन्थ हेवन'. अल्बम मार्चमध्ये आला, चित्रपट मात्र ८ ऑगस्ट २००९ रोजी पडद्यावर आला. म्हणजे कथेचा शेवट कोणी पाहण्यापूर्वी पाच महिने त्या शेवटाचे गाणे लोकांच्या घरी वाजत होते. अल्बममध्ये ते अखेरीस आहे, आणि चित्रपट पाहिल्यावर ते पुन्हा ऐकले की त्याचा अर्थ बदलतो.

गाण्यांचा क्रम

'ओव्हर्चर' या आवाजी प्रस्तावनेनंतर दुसऱ्या क्रमांकावर 'ऑब्लिव्हियस' येते, मग 'लव्ह कम डाउन' आणि 'नात्सु नो रिंगो' (उन्हाळ्यातले सफरचंद). पाचवे 'फेअरीटेल', सहावे 'आरिया', सातवे 'माता काझे गा त्सुयोकु नात्ता' (वारा पुन्हा वाढला), आठवे 'किझुआतो'. नंतर 'सेरेनातो', 'ओंगाकु' (संगीत) आणि 'आशिता नो केशिकि' (उद्याचे दृश्य) होतात. बारावे 'स्प्रिंटर', तेरावे 'किमि गा हिकारि नि काएते युकु', चौदावे शीर्षकगीत. चित्रपटांच्या क्रमांकांनी पाहिले तर ही सात गाणी १, ६, ४, ३, ५, २, ७ अशी येतात. चित्रपटही कथेच्या काळाप्रमाणे दाखवलेले नाहीत: कथेत दुसरा भाग सर्वांत आधी घडतो, मग चौथा, तिसरा, पहिला, आणि त्यानंतर पाचवा, सहावा, सातवा. दोन्हीकडे सातवा तेवढा शेवटी राहतो, आधीचा क्रम मात्र बदलतो. चित्रपट पाहिलेल्यांनी गाणी चित्रपटक्रमाने लावून ऐकण्याचा मोह टाळावा. 'स्प्रिंटर'च्या धावेनंतर 'किमि गा हिकारि'चा शांत सूर येतो आणि तेथून शीर्षकगीताकडे जाणारा उतार तयार होतो. अल्बमचा सगळा तोल त्या तीन गाण्यांवर आहे, आणि क्रम बदलला की तो जातो.

उरलेल्या गाण्यांत 'ओंगाकु' वेगळे उठून दिसते. अल्बमची रॉक बाजू येथे सर्वांत उघडी आहे. पुढे वृंदाच्या मैफलींत ते हमखास गायले जाऊ लागले.

तीन आवाज

वाकाना ओताकि आणि केइको कुबोता या दोघी काजिउरा यांच्या फिक्शनजंक्शन या प्रकल्पात आधीपासून गात होत्या. हिकारु मासाइ नंतर निवडली गेली. २००८ मध्ये काही काळ माया ही चौथी गायिकाही होती, पण वृंदाची ओळख बनली ती तिघींची.

वाकानाचा आवाज उंच, स्वच्छ आणि मस्तकस्वरात (डोक्यात घुमणाऱ्या उंच स्वरात) सहज जाणारा आहे. चर्चगायनाची आठवण मुख्यतः त्यानेच होते. केइकोचा आवाज खालचा, गडद, किंचित खरखरीत. हिकारु मधल्या पट्टीत जोर लावून गाते आणि तिच्या उच्चारांत नाटकीपणा आहे. नवख्या श्रोत्याने आधी केइकोला ओळखायला शिकावे, कारण तिचा आवाज एकदा कानात बसला की उरलेल्या दोघी आपोआप वेगळ्या होतात. वाकाना आणि हिकारु यांच्यात गोंधळ होतो तो दोघी वरच्या पट्टीत एकत्र असताना. तेव्हा स्वरांची सुरुवात ऐकावी. हिकारु स्वरावर ठामपणे उतरते, वाकाना त्यात तरंगत शिरते.

गाण्याची ओळ एकीकडून दुसरीकडे जाते. मुखड्याला तिघी एकत्र येतात तेव्हाही वरची ओळच मुख्य असते असे नाही: कधी चाल मधल्या आवाजात असते आणि वरचा आवाज तिला भोवऱ्यासारखा वेढतो. शिवाय त्याच गायिकांचे आवाज पुन्हा पुन्हा मुद्रित करून मागे मोठा समूह उभा केला आहे. त्यामुळे कानाला तीन नव्हे, वीसेक बायका दगडी सभागृहात गात असल्याचा भास होतो. मंचावर तिघींना हे थर एकट्याने उभे करता येत नाहीत, म्हणून प्रत्यक्ष मैफलीत आधी मुद्रित केलेल्या समूहाची साथ घ्यावी लागते.

स्वरांच्या अंगाने पाहता काजिउरा यांची बरीच गाणी पाश्चात्त्य मायनरमध्ये, म्हणजे आपल्या आसावरी थाटाच्या (ठरावीक सात स्वरांच्या संचाच्या) स्वरांत आहेत. ओळ संपताना कोमल निषादाचा शुद्ध होतो तेव्हा तीच गाणी किरवाणीकडे झुकतात. लोकगीताचा वास हवा असेल तेथे शुद्ध धैवत डोकावतो आणि काफीचा रंग येतो. ही नावे येथे फक्त स्वर समजायला उपयोगी आहेत, राग म्हणून ऐकायला गेल्यास हाती काही लागत नाही. कारण खरी हालचाल आधाराच्या बदलात आहे. गायिकेने षड्ज धरून ठेवला आणि खालचा स्वरसमूह (एकाच वेळी वाजणारे सूर, म्हणजे कॉर्ड) षड्जावरून कोमल धैवतावर गेला, की तोच स्वर त्या समूहाचा गंधार होतो. समूह मध्यमावर गेला की तोच पंचम होतो. स्वर जागचा हलत नाही, तरी त्याचा भाव दोनदा बदलतो. 'सेव्हन्थ हेवन'मधला गूढपणा बराचसा येथून येतो.

'गॉथिक' हा शब्द

मुंबईकर वाचकाला हा शब्द उच्च न्यायालयाच्या आणि छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या इमारतींमुळे ठाऊक असतो. संगीतात त्याने दोन वेगळ्या गोष्टी दाखवल्या जातात. एक म्हणजे १९८० च्या सुमारास इंग्लंडमध्ये पुढे आलेला गॉथिक रॉक. त्यात पुढे येणारी बास गिटार, कोरडे ड्रम आणि खालच्या पट्टीतले पुरुषी आवाज असतात. कालाफिनाचा त्याच्याशी संबंध जवळजवळ नाही. दुसरे, जपानमध्ये रूढ झालेले गॉथिक सौंदर्य: काळे झालरीचे पोशाख, जुन्या युरोपातल्या परीकथा, लॅटिन किंवा इटालियन वळणाची नावे, ऑर्गन, वीणेसारखा हार्प, व्हायोलिन. हा अल्बम दुसऱ्या परंपरेतला आहे. काजिउरा लहानपणी काही वर्षे पश्चिम जर्मनीत राहिल्या होत्या आणि युरोपीय समूहगानाची ओढ त्यांच्या कामात सतत दिसते. अल्बमला नुसते 'गॉथिक रॉक' म्हणून ऐकायला बसलेल्याची मात्र निराशा होते, कारण अर्ध्याहून अधिक गाणी हळुवार आहेत.

अर्थ नसलेले शब्द

काजिउरा यांच्या रचनांत समूह अनेकदा कोणत्याच भाषेत नसलेले शब्द गातो. चाहते त्याला 'काजिउरागो', म्हणजे काजिउरांची भाषा, म्हणतात. लॅटिन, इटालियन, जपानी यांच्या ध्वनींची सावली त्यात असते, पण व्याकरण नसते आणि भाषांतरही होऊ शकत नाही. मराठी श्रोत्याला हे समजायला तराण्याचे उदाहरण पुरेसे आहे: 'तोम तनन'चा अर्थ शोधायचा नसतो, त्याचा उच्चार आणि लय ऐकायची असते. फरक इतकाच की तराण्यात व्यंजने द्रुत लयीसाठी निवडलेली असतात, तर येथे स्वर लांबवण्यासाठी मोकळे आ, ए, इ निवडलेले असतात.

गाऊन पाहणाऱ्यांसाठी

ही गाणी एकट्याने गाता येत नाहीत, असा अनुभव कराओकेत लवकर येतो. ओळी एकमेकींवर चढतात आणि श्वासाला जागा उरत नाही. किमान दोघी, शक्यतो तिघी हव्यात. आधी तिघींनी मूळ चाल एकत्र पाठ करावी, मग सर्वांत खालची ओळ बसवावी, वरची शेवटी. वरची ओळ आधी पक्की केली तर खालचा आवाज नकळत तिच्याकडे ओढला जातो.

खालची ओळ बहुतेक वेळा चालीच्या दोन स्वरपायऱ्या खाली, म्हणजे मूळ स्वर धरून तिसऱ्या स्वरावर असते. चाल प, कोमल ध, प, म अशी असेल तर जोड कोमल ग, म, कोमल ग, रे अशी होते. येथेच सर्वाधिक चुका होतात. पहिले अंतर चार अर्धस्वरांचे आहे, कोमल धैवत ते मध्यम मात्र तीनचे. अंतर सगळीकडे सारखेच ठेवणारी गायिका मध्यमाऐवजी शुद्ध गंधार लावते आणि सूर उसवतो. अंतर न मोजता थाटाचे स्वर धरून उतरावे.

हिंदुस्थानी तालीम झालेल्यांना दुसरी अडचण येते: मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणे. एकल गाण्यात जी स्वराला जोडते तीच तीन आवाजांच्या जोडीत गढूळपणा आणते, कारण तिघी वेगवेगळ्या क्षणी स्वरावर पोहोचतात. स्वर थेट लावावा, आंदोलन टाळावे आणि तिघींनी स्वरवर्णाचा आकार सारखा ठेवावा. एकीचा 'आ' उघडा आणि दुसरीचा मिटलेला असेल तर स्वर बरोबर लागूनही आवाज एकजीव होत नाहीत.

उच्चारांत मुख्य गोष्ट मात्रांची आहे. जपानीत 'न्' ही पूर्ण मात्रा आहे. 'ओंगाकु' आपण तीन अक्षरांत म्हणतो, जपानीत तो ओ-न्-गा-कु असा चार मात्रांचा आहे, 'रिंगो' रि-न्-गो असा तीनचा. 'नात्ता'मधले थांबणेही एक मात्रा खाते. हे चुकले की शब्द चालीच्या आधी संपतात आणि गायिका थांबून वाट पाहत बसते. 'त्सु' हा त आणि सु असा तोडून नव्हे, एका झटक्यात म्हणावा. 'उ' म्हणताना ओठ आपल्यासारखे गोल करू नयेत. बोलण्यात 'केशिकि'मधला 'शि' जवळजवळ पुटपुटला जातो, गाताना मात्र त्याला स्वर मिळतो आणि तो पूर्ण उघडतो.

ऐकण्यासाठी हेडफोन घ्यावेत. मोबाइलच्या लहान स्पीकरमध्ये केइकोची खालची ओळ पातळ होते, मागचा समूह एका जागी गोळा होतो, आणि अल्बम साध्या पॉपसारखा वाटू लागतो.

पुढचा प्रवास

पुढचा अल्बम 'रेड मून' मार्च २०१० मध्ये आला. 'सेव्हन्थ हेवन'मधली काळोखी बाजू सर्वांत धारदार झाली ती १६ फेब्रुवारी २०११ च्या 'माजिया'मध्ये. ते 'पुएल्ला माजि मादोका माजिका' या मालिकेचे गाणे होते आणि वृंदाचे नाव जपानबाहेर पसरण्यात त्याचा मोठा वाटा आहे. पहिल्या सिंगलला बरोबर दहा वर्षे झाली त्या दिवशी, २३ जानेवारी २०१८ रोजी, तिघी टोकियोच्या निप्पॉन बुदोकानमध्ये गायल्या. त्याच वर्षी आधी काजिउरा आणि मग केइको आपल्या व्यवस्थापन संस्थेतून बाहेर पडल्या, आणि मार्च २०१९ मध्ये वृंद विसर्जित झाल्याचे जाहीर झाले. २३ जानेवारी २०२५ रोजी वाकाना, केइको आणि हिकारु टोकियो गार्डन थिएटरमध्ये पुन्हा एकत्र मंचावर आल्या.